अवघड जागेचं दुखणं

'जागा अवघड आहे, हात लावता येणार नाही.' मेंदूत गाठ निघालेल्या रुग्णाच्या घरच्यांना हे वाक्य गेली सव्वाशे-दीडशे वर्षं ऐकवलं जात आहे, आणि ऐकवणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बहुतेक वेळा त्या दिवसापुरतं खरंही होतं. वाक्य तेच राहिलं, अर्थ मात्र पिढीगणिक पालटत गेला. १८८० च्या सुमारास त्याचा अर्थ होता, गाठ कवटीत नेमकी कुठे आहे तेच कळत नाही. १९१० मध्ये तोच अर्थ 'रक्त थांबवता येणार नाही' असा झाला. पुढे 'तिथवर जाता येईल, पण गेल्यावर काही दिसणार नाही' इथपर्यंत तो आला, आणि आज पुष्कळदा तो 'गाठ निघेल, पण मागे कोण उरेल ते सांगता येत नाही' असा असतो. या इतिहासाकडे सहसा धाडसी सर्जनांच्या पराक्रमांची माळ म्हणून पाहिलं जातं. मला ती सांगण्याची पद्धत अपुरी वाटते. 'हात लावता येणार नाही' या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात: गाठीपर्यंत पोहोचता येईल का, माणूस धडपणे परत आणता येईल का, आणि एवढं करून त्याच्या आयुष्यात काही भर पडेल का. पहिला प्रश्न बराच लवकर सुटला, दुसरा फार सावकाश सुटत गेला आणि तिसरा कित्येक गाठींच्या बाबतीत आजही सुटलेला नाही. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले तेव्हा तेव्हा रुग्णांचं नुकसान झालं. कधी हात न लावल्यामुळे, कधी लावल्यामुळे.

कवटीला भोक पाडण्याची विद्या प्राचीन आहे. पण हाड फोडणं वेगळं आणि आतली न दिसणारी गाठ शोधणं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मेंदू हा सगळा एकजिनसी गोळा आहे, त्यात कामाची वाटणी नाही, असं मानणारे मोठमोठे शास्त्रज्ञ होते. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढच्या भागातली इजा दाखवली. १८७० मध्ये बर्लिनच्या फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून पाय हलवून दाखवला. त्यानंतर डेव्हिड फेरियर यांनी माकडांच्या मेंदूचे असे नकाशेच काढले. त्यापायी १८८१ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्याखाली त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं. या नकाशांमुळे पहिल्यांदाच असं म्हणता येऊ लागलं की रुग्णाचा अमुक हात अमुक प्रकारे झटके देतो, म्हणजे गाठ अमुक ठिकाणी असणार. भूल देण्याची सोय १८४६ पासून होती, लिस्टरांची जंतुनाशक पद्धत १८६७ पासून. ग्लासगोच्या विल्यम मॅक्युअन यांनी १८७९ मध्ये एका किशोरवयीन मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली आणि ती मुलगी पुढे आठ वर्षं जगली. पण त्या मुलीच्या बाबतीत कवटीवर, डोळ्याजवळ, बाहेरून खूण दिसत होती. बाहेर काहीच दिसत नसताना केवळ लक्षणांवरून कवटी उघडण्याची परीक्षा अजून व्हायची होती.

ती लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १८८४ रोजी झाली. रुग्ण स्कॉटलंडमधला पंचवीस वर्षांचा शेतकरी. काही वर्षांपूर्वी डोक्यात लाकूड पडल्याचं निमित्त होतं; मग चेहऱ्याची डावी बाजू फडफडू लागली, फिट्स येऊ लागल्या, डाव्या हाताची बोटं आणि मग सगळा हात निकामी होत गेला. असह्य डोकेदुखी, उलट्या, आणि डोळ्यांच्या पडद्यावर वाढलेल्या दाबाच्या खुणा. डॉक्टर ह्यूज बेनेट यांनी या क्रमावरून ठरवलं की गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला, हालचालीच्या पट्ट्यात, फार मोठी नसलेली अशी असली पाहिजे. लिस्टरांचे भाचे, सर्जन रिकमन गॉडली यांनी बेनेटांनी दाखवलेल्या जागी कवटी उघडली. वरून मेंदू जवळजवळ निरोगी दिसत होता. गॉडलींनी त्यात छेद घेतला आणि पाव इंचाच्या आतच अक्रोडाएवढी गाठ सापडली. बघायला फेरियर आणि मज्जाविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्स जॅक्सन हजर होते. त्यानंतरच्या दिवसांत हा रुग्ण वैद्यकाच्या बाहेरही गाजला. 'टाइम्स'मध्ये पत्र छापून आलं की बघा, माकडांवरच्या प्रयोगांनी एका माणसाची सुटका केली. त्यावर प्रयोगविरोधकांची उत्तरं आली. हा वाद रंगात असतानाच जखमेत जंतुसंसर्ग झाला, मेंदूच्या आवरणांना सूज आली आणि ऑपरेशननंतर २८ दिवसांनी तो शेतकरी वारला. गाठ मात्र सांगितलेल्या जागीच होती. एकाच रुग्णाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' आलं, आणि त्यातलं पहिलं उत्तर इतकं झळाळतं होतं की दुसऱ्याकडे बऱ्याच जणांचं लक्षच गेलं नाही.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी सर्जनांनी कवट्या उघडल्या. लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ली यांच्यासारखे काही खरोखर निष्णात होते. बाकीच्यांनी एक-दोन मृत्यू पाहून हा नाद सोडला. गाठ सापडत नसे, सापडली तर रक्ताचा लोट आवरत नसे, आणि दाबाखाली असलेला मेंदू कवटी उघडताच भोकातून बाहेर फुगून येई. 'मेंदूच्या गाठीला हात लावू नये' हे मत विसाव्या शतकाच्या तोंडावर पुन्हा घट्ट झालं होतं, आणि ते भित्रेपणातून आलेलं नव्हतं. हाताशी असलेल्या साधनांनी जेवढं जमत होतं, त्याचा तो सरळ हिशेब होता.

हिशेब बदलला हार्वे कुशिंग यांनी. आधी बाल्टिमोरला, मग बोस्टनमध्ये. कुशिंगांचं धाडस लोकांच्या लक्षात राहतं. मला त्यांची चिकाटीची कंजुषी जास्त महत्त्वाची वाटते. रक्ताचा प्रत्येक थेंब त्यांच्या हिशेबात होता. इटलीत पाहिलेलं रक्तदाब मोजण्याचं यंत्र त्यांनी अमेरिकेत आणलं आणि ऑपरेशनभर दाब नोंदवायला लावला. १९११ मध्ये त्यांनी रक्तवाहिनी चिमटून धरणाऱ्या चांदीच्या बारीक क्लिपा बनवल्या. ऑपरेशन आज झेपत नाही असं दिसलं तर ते डोकं बंद करत आणि काही दिवसांनी पुन्हा उघडत. १९१० मध्ये अमेरिकी सैन्यातल्या जनरल लेनर्ड वुड यांची गाठ त्यांनी अशीच दोन टप्प्यांत काढली आणि वुड पुढे सतरा वर्षं भरगच्च आयुष्य जगले. जी गाठ सापडत नसे किंवा निघण्यासारखी नसे, तिथे ते कानाजवळचं थोडं हाड काढून मेंदूला फुगायला जागा करून देत, म्हणजे निदान डोकेदुखी थांबे आणि डोळे वाचत. थांबण्याचंही तंत्र असतं हे त्यांना कळलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांच्या हातून होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं होतं. याच काळात युरोपातल्या नामवंत सर्जनांकडे तिनातला एक किंवा त्याहून जास्त रुग्ण दगावत. मग १ ऑक्टोबर १९२६ रोजी, जैवभौतिकशास्त्रज्ञ विल्यम बोवी यांच्या विजेच्या उपकरणाने कुशिंगांनी पहिल्यांदा एक रक्ताळ गाठ कापली. तीच गाठ रक्तस्रावामुळे काही दिवसांपूर्वी अर्धवट सोडावी लागली होती. त्यानंतर त्यांनी जे केलं ते या लेखाच्या मुद्द्याला पुरावा म्हणून पुरेसं आहे: आपणच पूर्वी 'काढता येणार नाही' म्हणून घरी पाठवलेल्या रुग्णांना त्यांनी परत बोलावून घेतलं. रुग्ण तेच होते, गाठीही त्याच होत्या, सर्जनही तोच होता. बदललं होतं ते फक्त रक्त थांबवायचं साधन.

आता यावर कोणी म्हणेल, की मग प्रश्न फक्त उपकरणांचा झाला. हत्यार आलं की वाक्य गळून पडतं. कुशिंग आणि त्यांचेच शिष्य वॉल्टर डँडी यांच्या भांडणाकडे पाहिलं तर हे इतकं सोपं राहत नाही. कानाच्या मज्जातंतूवर वाढणारी गाठ लहान मेंदू आणि मेंदूस्तंभाच्या मधल्या खबदाडीत असते. त्या जागेला कुशिंग अंधारा कोपरा म्हणत. सुरुवातीच्या काळात तिथे सर्जन बोट घालून गाठ उपटून काढत आणि बहुतेक रुग्ण मरत. कुशिंगांनी १९१७ च्या ग्रंथात मांडलं की गाठीचं फक्त आतलं पोकळ करावं, कवच तसंच राहू द्यावं. माणूस वाचतो, गाठ पुढे परतू शकते. त्याच वर्षी डँडींनी एका रुग्णाची अशी गाठ कवचासकट संपूर्ण काढली आणि १९२२ मध्ये तसं जाहीर केलं. गुरू भडकले, पत्रापत्री झाली, संबंध कायमचे बिघडले. इतिहास सहसा डँडींना विजयी ठरवतो, कारण पुढच्या पिढ्यांनी संपूर्ण गाठ काढणं हाच आदर्श मानला. पण डँडींच्या विजयाची किंमत रुग्णाच्या चेहऱ्याने मोजली: चेहऱ्याचा मज्जातंतू गाठीला बिलगलेला असतो, तो तुटे, आणि अर्धा चेहरा कायमचा लोंबे. दोघेही त्याच गाठीबद्दल बोलत होते, पण उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांना देत होते. डँडी आत पोहोचण्याबद्दल बोलत होते, कुशिंग परतण्याबद्दल.

डँडींनी हीच तर्करेषा शेवटापर्यंत ओढून पाहिली. १९२८ मध्ये त्यांनी मेंदूतच पसरलेल्या ग्लायोमा जातीच्या गाठींसाठी मेंदूचा उजवा अर्धगोल पूर्ण काढल्याचा अहवाल दिला. तोवर त्या रुग्णांची डावी बाजू लुळी पडलेली होतीच, तेव्हा जाण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, असा त्यांचा हिशेब होता. काही रुग्ण शुद्धीवर आले, बोलले, ही बाब थक्क करणारीच. पण अर्धा मेंदू काढूनही गाठ परतली. ग्लायोमाच्या पेशी डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीच्या फार पलीकडे, मेंदूच्या तंतूंमधून आधीच गेलेल्या असतात. त्यामुळे 'सगळी गाठ' नावाची वस्तूच तिथे नसते. तिसरा प्रश्न इतक्या उघड रूपात प्रथमच समोर आला होता.

त्याच वर्षी माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी स्वतःच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन केलं. आपल्याकडे अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर अशी म्हण आहे. इथे जावयाऐवजी भाऊ होता आणि जागा खरोखरच अवघड होती. उजव्या बाजूला पुढच्या भागात भलीमोठी ग्लायोमा होती. पेनफिल्डांनी त्या बाजूचा पुढचा भाग जवळजवळ सगळा काढला, पण रक्तस्रावामुळे थोडी गाठ मागे ठेवावी लागली. बहीण घरी गेली, मुलाबाळांत रमली. वर्ष-सव्वा वर्षाने तिने एका पाहुण्यासाठी आणि घरच्या चौघांसाठी साधं जेवण करायचं ठरवलं. दिवसभर वेळ होता. जेवायची वेळ झाली तेव्हा सगळं सामान समोर होतं, एक-दोन पदार्थ चुलीवर होते, बाकीच्यांना हातच लागला नव्हता, आणि ती गोंधळून, थकून उभी होती. पेनफिल्डांनी हा प्रसंग पुढे १९३५ मध्ये एका शास्त्रीय निबंधात नोंदवला. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत, स्मरण बहुतांशी शाबूत. फक्त कामांचा क्रम लावणारं काहीतरी गेलं होतं. गाठ पुन्हा वाढली, खुद्द कुशिंगांनी दुसरं ऑपरेशन केलं, आणि १९३१ मध्ये ती वारली. 'माणूस धडपणे परत आला का' हे केवळ पाय हलतात का, एवढ्यावर ठरत नाही, याची त्या काळातली याहून प्रामाणिक नोंद मला माहीत नाही. १९३४ मध्ये पेनफिल्डांनी माँट्रियलला जी संस्था उभी केली, तिथे रुग्णाला जागं ठेवून, मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून, कोणता भाग काय करतो ते आधी तपासायचं आणि मगच कापायचं, ही पद्धत रुजली. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला.

यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत साधनांची रांगच लागली. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसच्या थिओडोर कुर्झ यांनी ऑपरेशनसाठी सूक्ष्मदर्शक वापरला, १९६७ पासून झुरिचच्या गाझी यासारगिल यांनी त्याचं शास्त्र बनवलं. १९६१ मध्ये मिनेसोटात डेक्सामेथासोनने मेंदूची सूज उतरते हे दिसलं. स्वस्त औषध, पण कुठल्याही सूक्ष्मदर्शकाइतकीच माणसं त्याने वाचवली असावीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रात पहिली रुग्ण गेली, आणि पुढच्या भागातली गाठ कवटी न उघडता पडद्यावर दिसली. हवा भरून डोकं फुटेस्तोवर दुखवणाऱ्या जुन्या तपासण्या बघता बघता संपल्या.

तरीही एक जागा उरली होती. श्वास, हृदय, गिळणं, जाग, सगळ्यांच्या तारा जिथून जातात तो मेंदूस्तंभ. बोस्टनचे डोनाल्ड मॅटसन हे लहान मुलांच्या मेंदूशल्यचिकित्सेतलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या १९६९ च्या पाठ्यपुस्तकाचा निर्वाळा असा होता, की मेंदूस्तंभातली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कशीही दिसो, ती घातकच समजावी, कारण तिची जागाच तिला काढण्यापलीकडची ठरवते. हे वाक्य नीट वाचलं पाहिजे. गाठीची जात आणि गाठीची जागा या दोन वेगळ्या गोष्टी त्यात एक झाल्या आहेत. एकदा तसं ठरलं की तुकडा काढून जात तपासायचं कारण उरत नाही, आणि जात तपासली नाही की ठरवलेलं कधी खोटं पडत नाही. कितीतरी मुलांना नुसतं रेडिएशन देऊन घरी पाठवलं जाई. १९८० मध्ये टोरंटोच्या हॅरोल्ड हॉफमन यांनी मेंदूस्तंभाच्या मागच्या बाजूने बाहेर वाढणाऱ्या सौम्य गाठींचा वेगळा गट दाखवला. त्या बऱ्याचशा निघत होत्या आणि मुलं जगत होती. त्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्रेड एपस्टाइन यांनी खुद्द मेंदूस्तंभाच्या आतल्या मर्यादित गाठींना हात घातला, आणि एमआरआयने त्यांचे प्रकार आधीच वेगळे ओळखता येऊ लागले. मॅटसन चुकले होते. पण अर्धेच. सेतूसारख्या मधल्या भागात सर्वत्र झिरपलेली ग्लायोमा, जी मुख्यतः पाच ते दहा वर्षांच्या मुलांना होते, ती आजही काढता येत नाही. तंतू आणि गाठ तिथे दुधात पाणी मिसळावं तशा मिसळलेल्या असतात. अशी मुलं बहुधा वर्षभरात जातात. जी गाठ निघणार नाही तिला सुई तरी का लावायची, असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयाने २००७ मध्ये दाखवलं की बारीक तुकडा बऱ्यापैकी सुरक्षितपणे घेता येतो. अशा तुकड्यांवरच्या अभ्यासातून २०१२ मध्ये या गाठींतला ठरावीक जनुकीय बदल सापडला. गाठ अजून काढता येत नाही, पण हात लावण्याचं एक वेगळं प्रयोजन तरी सापडलं.

मोठ्या माणसांच्या ग्लायोमाचं काय? भाषेच्या किंवा हालचालीच्या भागात गाठ असली की तुकडा घ्यायचा आणि वाट पाहायची, हा दीर्घकाळ शिरस्ता होता. १९८९ मध्ये सिएटलच्या जॉर्ज ओजमन यांच्या गटाने ११७ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं की भाषेची केंद्रं प्रत्येकात वेगळ्या जागी असतात. पाठ्यपुस्तकातला नकाशा पाहून 'ही जागा अवघड' म्हणणं हे दुसऱ्याच्या घराच्या आराखड्यावरून आपल्या भिंतीत खिळा ठोकण्यासारखं आहे. पेनफिल्डांची जुनी पद्धत मिचेल बर्गर, ह्यूग दुफो यांच्यासारख्यांनी पुन्हा वर आणली. ८,०९१ रुग्णांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या २०१२ च्या अभ्यासात, विजेने तपासून केलेल्या ऑपरेशनांत कायमचं गंभीर व्यंग ३.४ टक्क्यांना, तसं न तपासता केलेल्यांत ८.२ टक्क्यांना आलं, आणि गाठही जास्त निघाली. इथे एक आक्षेप रास्त आहे: ज्यांची गाठ सोयीची आणि प्रकृती धडधाकट, त्यांनाच सर्जन निवडतात, मग ते जास्त जगले यात नवल काय? याच आक्षेपाला नॉर्वेतल्या एका अभ्यासाने उत्तर दिलं. तिथे रुग्ण राहतो त्या भागावरून रुग्णालय ठरतं. एक रुग्णालय मंद वाढणाऱ्या ग्लायोमात तुकडा घेऊन वाट पाहण्याच्या बाजूचं, दुसरं लवकर काढण्याच्या. पाच वर्षांनी पहिल्याकडचे ६० टक्के आणि दुसऱ्याकडचे ७४ टक्के रुग्ण जिवंत होते. निवड सर्जनची नव्हती, पत्त्याची होती. तरी कोणीही पूर्ण बरा झाल्याचा दावा यात नाही. वर्षं वाढली, गाठ संपली नाही.

आणि 'हात लावता येणार नाही' ही रेघ फक्त पुढेच सरकत गेली असंही नाही. १९८० च्या दशकात ल्युब्ल्यानाच्या विन्को दोलेंक यांनी डोळ्यामागच्या रक्ताळ पोकळीत शिरण्याची वाट घालून दिली आणि जगभरचे सर्जन तिथल्या गाठी मुळासकट काढू लागले; दहा-पंधरा वर्षांनी डोळ्यांच्या हालचाली गमावलेले रुग्ण मोजून बरेच जण मागे फिरले. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये आणलेल्या गॅमा नाइफने उरलेला भाग दाबून ठेवता येत होता, मग सगळं काढायचा हट्ट कशाला? कानाच्या मज्जातंतूवरच्या मोठ्या गाठीतही आज कित्येक सर्जन चेहऱ्याच्या मज्जातंतूला चिकटलेला पापुद्रा मुद्दाम मागे ठेवतात. कुशिंगांचं १९१७ चं म्हणणं असं मागच्या दाराने परत आलं आहे, फक्त आता कारण रक्त नसून चेहरा आहे.

कुशिंग स्वतः ऑक्टोबर १९३९ मध्ये न्यू हेवनला हृदयविकाराने गेले. दोन हजारांहून अधिक गाठींच्या नोंदी, बरण्या आणि छायाचित्रं त्यांनी मागे ठेवली. येल विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात त्या आज मांडलेल्या आहेत. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या मधोमध, तिसऱ्या पोकळीत, सेंटिमीटरभराची एक गाठ निघाली. ती त्यांनाही ठाऊक नव्हती. त्या जातीची, त्याच जागची गाठ पहिल्यांदा काढणारा सर्जन होता वॉल्टर डँडी.